वकीलसाहेबांचे हात

तो माह्या तोंडावर थुंकला. मंग थापड मारली. माह्या डोक्यावरची नर्सची पांढरी टोपी बर्फाच्या बादलीत पडली.

मे महिन्यातली दुपार. साल बहात्तर-त्र्याहत्तर असंल. मी त्याच्या उघड्या अंगावर ओली चादर टाकून राहिली होती. मोठे वकील. कोर्टातून येता येता ऊन लागलं, ताप डोक्यात चढला, बरळून राहिले होते.

"हिला हाकला इथून. महारीण हात लावतेय मला."

सकाळी थोडे शुद्धीवर होते तवा त्याईनं माहं आडनाव विचारून घेतलं होतं. तापात ते बरोबर आठवलं. बायकोचं नाव मात्र आठवत नव्हतं.

त्याचा पोरगा दारातच उभा होता. पस्तिशीचा, शिकलेला. "मनावर घेऊ नका सिस्टर, बाबा शुद्धीत नाहीत," म्हणाला. मंग त्यानं टॉवेल भिजवला अन् बापाचा हात पुसला. माह्या गालाले लागलेला हात. बोटं न् बोटं पुसली.

बाजूलेच उन्हाच्या रोग्याईचा जनरल वॉर्ड होता. तिथं हमाल, रिक्षावाले, वीटभट्टीवरच्या बाया. कोणी बरळून हात उगारला की मनगटाले कापूस गुंडाळून पट्टीनं खाटेले बांधायचं, सलाईनची सुई उपसू नये म्हणून. डॉक्टरचा कायमचा हुकूमच होता तसा. एका म्हातारीनं मले सवत समजून दंडाले चावलं होतं. दुसऱ्या दिवशी शुद्ध आली तर रडली बिचारी. मले तिचा राग नाही आला.

पण वकीलसाहेबांसारख्याईच्या पेशल खोलीत बांधायचं नाही. मेट्रनबाईचं ठरलेलं बोलणं होतं, "मोठ्या माणसांचे हात बांधतात का गं? दुभत्या गाईच्या लाथा गोड. थोडं सोसायचं."

सोसलं. पण घरी गेली, मायनं डोक्यावरून हात फिरवाले हात वर केला, अन् मी अंग चोरलं. माय पाहतच राहिली. "काय झालं वं?" म्हणे. काय सांगू? तापातल्या माणसाचं मनावर घ्यायचं नसते, हे मले शिकवलं होतं. मंग चावलेलं दुखलं नाही, अन् हे काहून दुखते?

दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांनी सुई उपसून फेकली. रक्ताची धार लागली. मी दाबाले गेली तर माही वेणी धरून डोकं लोखंडी खाटेवर आपटलं. दोनदा.

मी पट्टी काढली. कापूस लावला, दोन बोटं जातील एवढी ढील ठेवली अन् दोन्ही हात बांधले. पोरगा धावत जाऊन मेट्रनबाईले घेऊन आला.

"सोड ते हात. कोण आहेत हे, माहीत आहे ना?"

"रोगी आहेत."

"तुझी नोकरी अजून पक्की नाही. कागद माझ्या टेबलावर आहे, माझी सही राहिली आहे."

बाप मिलमधलं काम सुटून घरी बसला होता. जरीपटका वस्तीच्या अलीकडं आमची एक खोली, तिथली चूल माह्यावर होती. मी खाली वाकली. गाठीले हात लावलाच होता.

तेवढ्यात पोरगा मेट्रनबाईले म्हणाला, "दुसऱ्या कोणाला तरी सोडायला सांगा. हिचा हात नको परत."

हा तापात नव्हता. याचं अंग थंडगार होतं. मले कालपासून काय दुखून राहिलं होतं ते तवा समजलं.

मी गाठीवरचा हात काढला. उभी राहिली. "जनरलमधल्या सगळ्याईचे सोडा," मी म्हटलं, "मंग हेही सोडीन."

"माफी माग यांची."

"नाही मागणार."

गाठ मेट्रनबाईनंच सोडली. कागदावर सही झाली नाही. दोन वर्षं मले टेम्पररीच ठेवलं, जनरलमध्ये टाकलं, शिक्षा म्हणून. ठेवा म्हटलं.

बेशुद्ध माणसाचा मार मी आजही खाईन. हात बांधीन, तोंड पुसीन, राग धरणार नाही. पण शुद्धीतल्या माणसाचं एक अक्षर सोसणार नाही. मंग तो कोणीही असो.