कबुलीचा कागद

"सही कर आणि मोकळी हो. तुमच्यातल्या मुली भाषणं छान करतात, माहितीय मला. पण लिहिणं वेगळं असतं."

हे मराठीत बोललं गेलं. मँचेस्टरमध्ये, विद्यापीठाच्या तिसऱ्या मजल्यावर, सकाळी साडेदहाला. बोलणारा अद्वैत. पुण्याचा. तिथंच पीएचडी करत होता आणि आमच्या एमएच्या वर्गाचे काही तास तोच घ्यायचा, निबंधही तोच तपासायचा. समोर प्रोफेसरबाई बसल्या होत्या. इंग्रज, साठीच्या, आवाज अगदी मऊ. त्यांना वाटलं, हा मुलगा आपल्या देशातल्या मुलीला धीर देतोय. त्या हसल्या. "थँक यू, अद्वैत. दॅट्स काइंड."

टेबलावर एक कागद होता. एकच पान. हा निबंध संपूर्णपणे माझा नाही हे मी मान्य करते, असं त्यावर लिहिलेलं. खाली माझं नाव छापलेलं आणि सहीसाठी रेघ. शेजारी पेन. टोपण काढून ठेवलेलं.

निबंध माझा होता. शब्द न् शब्द माझा.

विषय होता सुरुवातीच्या अमेरिकन साहित्यातली भीती आणि मन वळवण्याची कला. अडीच-तीनशे वर्षांपूर्वीचे पाद्री. चर्चमध्ये उभे राहून नरकाचं असं वर्णन करायचे की बाकांवरची माणसं रडायची, किंचाळायची. ते शब्दांनी हे कसं साधत, ते दाखवायचं होतं. वर्गातल्या इतरांना ती माणसं विचित्र वाटायची. "हाऊ कुड दे बिलीव्ह धिस?" असं म्हणून हसायचे. मला हसू आलं नाही. आमच्या गावात वरच्या आळीच्या आडाला आमचा हात लागला तर देवी कोपते, असं आम्हाला चालायला लागल्यापासून सांगितलेलं. सांगणारी माणसं फार गोड बोलायची. 'तुमच्याच भल्यासाठी सांगतो बाई.' भीती कशी पेरतात ते शिकायला मला मँचेस्टरला यायची गरज नव्हती.

आणि मन वळवणं? तो तर आमच्या घरचा धंदा.

माझे अण्णा रिक्षात बसून माईकवर पुकारतात. परभणीकडच्या आमच्या तालुक्याच्या गावात साड्यांचा सेल असो, डोळे तपासणी असो, हरवलेली म्हैस असो, जयंतीची मिरवणूक असो, आवाज अण्णांचा. शिक्षण चौथी. पण कुठं आवाज चढवायचा, कुठं गप बसायचं, गप बसल्यावर लोकांच्या माना कशा वळतात, हे त्यांना जेवढं कळतं तेवढं कळणारा माणूस मला अजून कुठल्या विद्यापीठात भेटलेला नाही.

मी शिकले ते त्यांच्यापुढे बोलून. घरात वह्या मोजक्या, बसायला जागा नाही. म्हणून अख्खा धडा आधी तोंडानं म्हणायचा. अण्णांना कळला तर मला कळला. नाही कळला तर परत पहिल्यापासून. दहावी तशीच, बीए तसंच. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली आणि ती चढले अण्णांच्या कानांच्या जोरावर.

मँचेस्टरला आले तरी सवय तीच. संध्याकाळी सुपरमार्केटमधली शिफ्ट सुरू व्हायच्या आधी व्हिडिओ कॉल. तीन आठवडे मी तो निबंध अण्णांना मराठीत बोलून दाखवत होते. एक दिवस त्यांनी मध्येच थांबवलं.

"ते समदं खरं माय. पण निस्तं भेव दाखवून थांबतो का तो? भेलेलं माणूस पळतंय. पळायला दार कोणतं ठेवलं त्यानं?"

या एका प्रश्नानं माझा निबंध उभा राहिला. पाद्री आधी सगळी दारं लावतो. मग एकच उघडं ठेवतो आणि त्या दाराशी स्वतः उभा राहतो. घाई कर म्हणतो, उद्या हे पण लागेल. ओरडत नाही. उलट हळू बोलतो, जणू त्यालाच फार वाईट वाटतंय. आणि ज्यानं दारं लावली त्यालाच लोक तारणारा समजतात. हे सगळं तोंडात तयार झालं तेव्हा एका शनिवारी मी बसले आणि पाच तासांत इंग्रजीत टाइप करून टाकलं.

तिथंच मी सापडले. कॉम्प्युटरवर नोंद होती. पाच तास, कच्चा खर्डा नाही, खाडाखोड नाही. "नोबडी राइट्स लाइक धिस," बाई म्हणाल्या. आणि वर्गात तर तू बोलत नाहीस. मग हा एवढा ठाम आवाज आला कुठून?

मी वर्गात का बोलत नव्हते ते कुणी विचारलं नाही. पहिल्या दिवशी जिन्यात मराठी ऐकून मी धावत अद्वैतकडे गेले होते. "दादा" म्हणाले. "इथं फर्स्ट नेम गं," तो म्हणाला. मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. "अच्छा," तो म्हणाला. ते 'अच्छा' कसं असतं ते ज्यानं ऐकलंय त्याला सांगावं लागत नाही. पुढच्या आठवड्यात वर्गात मी तोंड उघडलं तर माझे उच्चार त्यानं सगळ्यांसमोर दोनदा दुरुस्त केले, हसत हसत. त्यानंतर मी गप्पच.

आता त्या खोलीत बाईंनी विचारलं, हा निबंध लिहिताना तू कुणाशी चर्चा केली होतीस का?

केली होती. खोटं कशाला बोलू? आणि खरं सांगते, मला अभिमानच वाटला. मी ताठ बसून म्हटलं, "येस. विथ माय फादर. एव्हरी डे."

बाईंनी लिहून घेतलं. "तुझे वडील प्राध्यापक आहेत?"

"नाही. रिक्षावर माईक लावून पुकारतात."

अद्वैतनं मान खाली घातली. हसला. आवाज नाही, नुसते खांदे हलले.

बाईंच्या वहीत मला उलटं वाचता आलं. बाहेरच्या व्यक्तीची बरीच मदत घेतल्याचं विद्यार्थिनीनं मान्य केलं. म्हणजे रिक्षावाल्या माणसाला एवढी अक्कल असणं शक्य नाही, आणि त्याच्या अकलेची मी चोरी मात्र केली. दोन्ही एकदम. बापाचं नाव मी मानानं घेतलं, त्यांनी ते पुराव्यात जमा केलं.

मग बाईंनी समजावलं. सही केलीस तर प्रकरण इथंच मिटेल. जेमतेम पास होण्याइतके मार्क मिळतील. नाही केलीस तर चौकशी समितीपुढे जाईल. समिती नापास करू शकते, कोर्समधून काढू शकते. मग व्हिसा. "आय ॲम नॉट ट्राइंग टु फ्रायटन यू," त्या म्हणाल्या. हळू आवाजात. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. सात दिवस विचार कर, पण आजच झालं तर सगळ्यांनाच बरं.

आणि मग अद्वैत माझ्याकडे वाकला आणि त्यानं ते 'तुमच्यातल्या मुली' म्हटलं. वर आणखी म्हणाला, "एवढं मिळालंय ना तुम्हाला, ते टिकव. हट्ट करू नकोस."

मी पेन उचललं. हे लपवत नाही. आमच्या वस्तीतल्या पोरांनी चौकात माझ्या फोटोचा बॅनर लावला होता. मी निघाले त्या दिवशी अण्णा गावभर फिरले होते, स्वतःच्या लेकीचं नाव माईकवर घेत. कुणाची ऑर्डर नसताना. मी परत गेले तर ते कसं पुकारणार? त्या रेघेवर मी माझ्या नावाचं पहिलं अक्षर लिहिलं.

एक अक्षर. आणि हात थांबला.

ही खोली मी ओळखत होते. हे तर मीच लिहिलं होतं. सगळी दारं लावलेली, एक उघडं, दाराशी हळू बोलणारं माणूस, घाई कर म्हणणारं. माझ्या निबंधाच्या शेवटच्या दोन पानांत जुन्या मॅसॅच्युसेट्समधले चेटकिणींचे खटले होते. हो, मी चेटकीण आहे, असं ज्या बायांनी कबूल केलं त्या वाचल्या. नाही म्हणाल्या त्यांना फासावर दिलं. खोटं बोललात तर जगाल, असं कोर्टानंच अख्ख्या गावाला शिकवलं. हे या दोघांनी वाचलं होतं. बाईंच्या पुढ्यातल्या प्रतीवर अद्वैतनं त्या परिच्छेदाच्या बाजूला पेन्सिलीनं 'गुड' लिहिलं होतं. वाचलं होतं, गुड लिहिलं होतं आणि आता माझ्यासमोर कागद सरकवत होते.

मी पेन खाली ठेवलं. इंग्रजीत म्हटलं, "अद्वैत मला आत्ता काय म्हणाला, सांगू?"

बाईंनी मान वर केली. मी त्याची वाक्यं इंग्रजीत करून सांगितली. एकेक शब्द. तुमच्यातल्या म्हणजे माझ्या जातीतल्या, हेही सांगितलं. माझे उच्चार त्या वेळी कुणी दुरुस्त केले नाहीत.

अद्वैत लाल झाला. "तसं नाही. म्हणजे, तिच्या भागातल्या मुली. इट्स अ कल्चरल थिंग."

बाईंनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. "आय थिंक," त्या म्हणाल्या, "वी शुड स्टिक टु द एसे."

एवढंच.

मी ते अक्षर खोडलं. त्याच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, नो. म्हटलं, "समितीपुढे न्या मला. हातात कागद न घेता बोलते."

संध्याकाळी अण्णांना सांगितलं. सगळं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी मधी बोलाया नको होतं का गं, माय?"

उभं आयुष्य आवाज विकून ज्यानं मला शिकवलं, त्या माणसाला त्या खोलीनं स्वतःच्याच प्रश्नाची लाज वाटायला लावली. माझे मार्क कापले असते तर मी कदाचित विसरले असते. हे मी माफ करणार नाही.

समिती पाच आठवड्यांनी बसली. तीन माणसं. मी उभी राहून पाऊण तास बोलले. निबंध पहिल्यापासून शेवटपर्यंत. कुठं थांबायचं ते मला माहीत होतं. एकानं विचारलं, "पाठ केलंस का हे?" मी म्हटलं, "हो. लिहायच्या आधी."

मग पत्र आलं. पुरेशा पुराव्याअभावी प्रकरण बंद करण्यात येत आहे. निबंध हिनंच लिहिला, असं कुठं नाही. माफी नाही. दुसऱ्या कुणी तो तपासला आणि चांगले मार्क दिले. अद्वैतच्या बोलण्याबद्दल मी वेगळी तक्रार केली होती. तिचं उत्तर चार ओळींचं. ते संभाषण उपस्थितांपैकी इतरांना समजत नसलेल्या भाषेत झाल्यामुळे त्याची खात्री करता येत नाही. म्हणजे मराठीत अपमान करायला परवाना आहे. अद्वैत अजून शिकवतो. ट्राममध्ये दिसला की "हाय" म्हणतो. मी त्याच्याकडे बघते, बोलत नाही. नजर तो वळवतो.

परवा कॉरिडॉरमध्ये बाई भेटल्या. मी आता प्रबंधाला लागलेय, त्यांना माहीत होतं. खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, या वेळी कच्चे खर्डे सगळे जपून ठेव. तारखेसकट. "फॉर युअर ओन प्रोटेक्शन."

वर्गातल्या दुसऱ्या कुणाला हा सल्ला दिला का, असं मी विचारलं. त्यांनी खांद्यावरचा हात काढून घेतला.

"मी नाही ठेवणार," मी म्हटलं.

"आणि परत कुणी शंका घेतली तर?"

"तर परत बोलवा."

प्रबंध त्या बायांवर आहे, ज्यांनी कबुली दिली नाही. त्यांनी तुरुंगातून कोर्टाला लिहिलेल्या अर्जांवर. रोज संध्याकाळी मी तो अण्णांना बोलून दाखवते. पहिले काही दिवस ते नुसतं हं हं करायचे. मध्ये बोलायला घाबरायचे. मी म्हटलं, प्रश्न विचारल्याशिवाय मी पुढं जाणार नाही. मी तासभर फोन धरून बसले. शेवटी विचारला त्यांनी.

पहिलं पान मी लिहून ठेवलंय. या प्रबंधातली प्रत्येक ओळ आधी माझ्या वडिलांनी ऐकली आहे आणि यातले कळीचे प्रश्न त्यांचे आहेत. ते चौथी शिकले. रिक्षावर पुकारतात. खाली त्यांचं पूर्ण नाव, आडनावासकट. तीच माझी कबुली. दुसरी मिळणार नाही.