आमच्यामुळे गेलेला पाऊस

आमच्या घराण्याच्या पापामुळे दोनेकशे वर्षांपूर्वी सलग काही वर्षं पाऊस पडला नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. आम्ही बेंगळुरातले जुने मराठी. त्याआधी होसकोट्यापलीकडच्या एका गावात आमचं इनाम होतं. कुणा पूर्वजाच्या हातून काहीतरी घडलं, आभाळ कोपलं आणि आम्ही गाव सोडलं. काय घडलं ते कुणी सांगत नसे. प्रायश्चित्त मात्र चालू आहे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्या गावातल्या ठरलेल्या घराच्या कट्ट्यावर जाऊन बसायचं. पाणी मागायचं नाही. घरच्या बाईनं आपणहून दिलं, तरच ओंजळीनं प्यायचं.

मला याची भारी लाज वाटे. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या ऑफिसात मी त्या दिवशी दात दुखतो म्हणून रजा घेतो. दर दसऱ्याला दात दुखणारा माणूस माझ्याखेरीज दुसरा नसेल. दसऱ्याला आमच्याकडे स्कूटर, लॅपटॉप, विळी आणि देवघरातली वीतभर लोखंडी किल्ली पुजतात. किल्ली कशाची, ते कुणाला ठाऊक नाही. तिचं कुलूप घरात कधी नव्हतंच.

यंदा माझे वडील, अण्णा, अडून बसले. “माझ्यानंतर हे पाप ह्या पोरीच्या गळ्यात घालायचं काय? ते आधी सांगा, मग निघू.”

पोरगी म्हणजे माझी मुलगी. ती हवामानशास्त्र शिकते. म्हणाली, “अज्जा, पाऊस कुणाच्या पापानं जात नाही. त्या काळात जगात बऱ्याच ठिकाणी वेदर बिघडलं होतं. मोठे ज्वालामुखी फुटून राखेनं ऊन अडवलं, असं काही जण म्हणतात. काही म्हणतात, सूर्यच थोडा मंदावला होता. पॅसिफिक तापला की आपला मान्सून रुसतो, तेही असेल. नाहीतर सगळंच मिळून. नक्की कुणालाच माहीत नाही.”

“पण आपण नव्हे?”

“आपण नव्हे. तेवढं नक्की.”

अण्णांनी हे वाक्य तिच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. मग आम्ही तिघं निघालो; वाटेत गाडीत ते चक्क गुणगुणत होते.

त्या घरची बाई माझ्याहून थोडी थोरली, शाळेतल्या नोकरीतून निवृत्त झालेली. ती तांब्या घेऊन बाहेर आली, आणि रीत मोडून अण्णाच आधी बोलले. “अक्का, पाऊस आमच्यामुळे गेला नव्हता. माझी नात शिकलीय. ज्वालामुखी होता म्हणते.”

तिनं तांब्या कट्ट्यावर ठेवला. मग कन्नडमध्ये म्हणाली, “पाऊस तुमच्यामुळे गेला, असं आमच्या घरात कधीच कुणी म्हटलं नाही. तो सगळीकडचाच गेला होता. गावात एकाच विहिरीला पाणी उरलं होतं, तुमच्या. तिच्यावर फळ्या टाकून तुम्ही कुलूप लावलंत. आमच्या घरातली लेकरं तहानेनं गेली. म्हणून तुम्ही इथे पाण्यासाठी येता. तुम्हाला हे माहीत नव्हतं?”

तिच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं. रागावली असती तर परवडलं असतं. इतकी वर्षं मला लाज वाटली ती खुळचट रिवाजाची, आणि खरी लाजेची गोष्ट आम्ही आभाळाच्या माथी मारून मोकळे झालो होतो. पाऊस ज्वालामुखीवर ढकलता येतो. कुलूप कुणावर ढकलणार?

तिनं दरवर्षीसारखं पाणी ओतलं. अण्णांनी ओंजळ पुढे करायला उशीर केला; निम्मं धोतरावर सांडलं. उरलेलं ते मान खाली घालून प्याले.

परतताना होसकोटे मागे पडल्यावर मुलगी हळूच म्हणाली, “बाबा, आपल्या देवघरातली...”

“हो,” मी म्हणालो.

घरी आल्यावर अण्णा बाहेरच्या खोलीत बसून राहिले. दिवा लावायला मला आत जावंच लागलं. किल्लीवर आदल्या दिवशीचं कुंकू तसंच होतं, झेंडूचं फूलही. ते मीच वाहिलं होतं.