सोमवारचे पंच

पंचांनी मैदानावर 'बाद!' अशी आरोळी दिली की आत शिरलेला गडी तर बाद व्हायचाच, पण बाहेरच्या रस्त्यानं चाललेला सायकलवालासुद्धा आपलं काय चुकलं म्हणून खाली उतरायचा. त्यांना कधी लाउडस्पीकर लागला नाही. आष्ट्यातले आणि आजूबाजूच्या गावांतले कबड्डीचे सामने वर्षानुवर्षं त्यांनीच खेळवले. त्यामुळे त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर राहिलं आणि गावाच्या तोंडी फक्त 'पंच' उरलं. आवाज असा, आणि बोलायची हौस त्याहून मोठी. गप्प बसलेले पंच पाहायचे तर जेवताना, तेही घास तोंडात असेपर्यंत.

अशा माणसाला अमेरिकेतल्या फुटबॉलचं वेड लागलं, याचं पाप त्यांच्या पुतण्याच्या माथी. तो तिकडे कुठल्याशा बर्फाच्या गावात नोकरीला आहे. सुट्टीवर आला तेव्हा त्यानं काकांच्या मोबाइलवर तिकडचे सामने दिसायची सोय करून दिली आणि स्वतः परत गेला. निस्तरायला आम्ही राहिलो. आम्ही म्हणजे खताचं दुकान चालवणारा मी, लष्करातून निवृत्त झालेला फौजी आणि सलूनवाला बाळू.

बाळूचं सलून सोमवारी बंद असतं. तिकडचे सामने रविवारी होतात, म्हणजे आपण घोरत असतो तेव्हा. म्हणून सोमवारी सकाळी शटर अर्धं वर करून आम्ही वाकून आत शिरायचो, मोबाइल टीव्हीला जोडायचो आणि दाढीच्या खुर्च्यांवर बसून कालची मॅच बघायचो. मधली खुर्ची पंचांची. आधी कुणी चोरून निकाल पाहिला असेल तर त्या दिवसाचा चहा त्याच्याकडे.

'आपली टीम' म्हणजे अर्थातच पुतण्याच्या गावची. ती हरायची. जिंकत आलेली मॅच हरायची, हे तिचं वैशिष्ट्य. "पोरं लय चांगली हायती रं, पन हरायची सवय वंगाळ," पंच म्हणायचे. त्या लांबट चेंडूला ते नारळ म्हणत आणि नवख्या माणसाला सगळा खेळ एका दमात समजावून सांगत. "चार डावांत नारळ धा यार्ड फुडं न्यायचा. न्हाई जमलं तर गपगुमान दुसऱ्याच्या हातात द्यायचा. बाकी सगळी कुस्ती."

पण त्यांचं खरं लक्ष खेळाडूंकडे नसेच. ते बघत पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घातलेल्या तिथल्या पंचांकडे. दहा यार्ड पुरे झाले की नाहीत हे भर मैदानात साखळी आणून मोजतात, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते खुर्चीतून उठूनच उभे राहिले आणि मला म्हणाले, "दिलप्या, बघ! आपल्या बांधाची मोजणी आशी चारचौघांत झाली आसती, तर कोर्टात येक केस ऱ्हायली नसती." पुढं तिथं साखळीऐवजी कॅमेऱ्यानं मोजायला लागले तेव्हा पंच आठवडाभर रुसले होते. "कॅमेऱ्याला काय लाज आसती व्हय?" असं त्यांचं म्हणणं.

चूक दिसली की तिथले पंच पिवळा रुमाल जमिनीवर टाकतात. झालं, आमच्या पंचांनी तसा एक शिवून घेतला आणि वजनाला कोपऱ्यात चार चिंचोके बांधले. तो कायम खिशात. एका लग्नात मुलीकडची अर्धी पंगत कोरडी बसलेली असताना वाढप्यानं मुलाकडच्यांना जिलेबीचा दुसरा फेरा सुरू केला, तर त्याच्या पायाशी रुमाल येऊन पडला. "जिलबी मागं घ्या!" पंच गरजले. वाढपीच काय, भटजीसुद्धा थांबले. बाळूनं एकदा माझे कल्ले वरखाली ठेवले, तेव्हाही रुमाल पडला होता.

रुमालामागोमाग हातांच्या खुणा आल्या. कुणी कुणाला धरलं तर स्वतःचं मनगट धरायचं, घाई केली तर छातीपुढं हात फिरवायचे, खेळायला उशीर लावला तर हाताची घडी घालायची. उशिराचा पंचांना विशेष तिटकारा. "बाकीच्या चुका जोरात हुत्यात, उशीर निस्त्या आळसानं हुतो," असं ते म्हणत. या सगळ्या खुणा ते घरी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभं राहून करून दाखवत आणि त्यांच्या मंडळी, म्हणजे आमच्या वहिनी, भाकरी थापता थापता ओळखत. न ओळखून सांगतात कुणाला!

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीनंतर त्यांचा आवाज बसला, तो उठेचना. आम्ही थंडीवर ढकललं. मिरजेच्या डॉक्टरांनी तपासलं आणि गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, लवकर काढलं तर जीव वाचेल, पण आवाज राहणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

पंच सोमवारी नेहमीसारखे आले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "सीझन संपू दे. मग बघू." सीझन संपायला माघ उजाडणार होता. फौजीनं हुकूम सोडून पाहिला, बाळूनं देवाच्या शपथा घातल्या, मी तर भांडलोच. ते एवढंच म्हणाले, "आवाज गेल्याव पंच कसला रं गड्या? निस्ता म्हातारा." मला त्यांचा राग येत होता, आणि हा माणूस हातचा जाणार याची भीतीही वाटत होती.

पुढच्या सोमवारी शटरखालून वहिनी आत आल्या. त्या सलूनमध्ये त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. मॅच चालू होती. "बाळू, त्याचा आवाज बंद कर," त्या म्हणाल्या. बाळूनं केला. पडद्यावर पट्टेवाल्यानं मनगट धरलं. "धरलं," वहिनी म्हणाल्या. थोड्या वेळानं त्यानं हात फिरवले. "घाई केली." मग दोन्ही हात वर गेले. "झाला गुण." फौजी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.

वहिनी पंचांकडे वळल्या. "टीव्हीला आवाज हाय का? तरी कळलं का न्हाई? आवं, मला तुमचं समदं न बोलताच कळत आलंय." मग त्यांनी पंचांच्या खिशातला पिवळा रुमाल ओढून काढला, त्यांच्या पायाशी टाकला आणि समोर हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. उशीर! खुद्द पंचांच्या नियमानं पंच दोषी होते.

पंच वाकून रुमाल उचलत म्हणाले, "निकाल मान्य हाय." सलूनमधलं ते त्यांचं शेवटचं बोलणं. दुसऱ्याच दिवशी आम्ही त्यांना मिरजेला घेऊन गेलो.

ऑपरेशन चांगलं झालं. गळ्याला पातळ फडकं बांधून पंच परत आले, त्या सोमवारी काय बोलायचं ते आम्ही तिघांनी घोकून ठेवलं होतं. पण त्याची वेळच आली नाही. पंच मधल्या खुर्चीत बसले आणि पहिल्याच डावाला त्यांनी फौजीवर रुमाल टाकला, कारण तो टीव्हीच्या आड येत होता. तेव्हा कुठं आमच्या जिवात जीव आला. पूर्वी त्यांच्यापुढं आमचं काही चालत नसे, आता तर वादच घालता येईना. आम्ही दुसरीकडे तोंड केलं की ते हनुवटी धरून आपल्याकडे वळवत आणि हातांनी मुद्दा पुरा करत.

एकदा बाळू आणि मी तावातावानं भांडत होतो, तर आमच्या मधोमध रुमाल पडला. पंचांनी आपल्या गळ्याकडे बोट दाखवलं, मग आमच्या गळ्यांकडे, आणि दोन्ही तळवे एका पातळीत धरले. दोन्ही बाजूंना नियम सारखा. तेव्हापासून सोमवारी मॅच चालू असताना कुणी बोलायचं नाही, बोलेल त्यानं चहा पाजायचा असं ठरलं. सुरुवातीला चहाचा सगळा भार माझ्यावर पडला. पण हळूहळू हात वळू लागले. कोचला घरी पाठवा, नारळ सुटला, चहात साखर कमी पडली, सगळं हातांनीच सांगता यायला लागलं.

गेल्या पावसाळ्यात, नवा सीझन तोंडावर आलेला असताना, पंच झोपेतच गेले. गळ्यानं दगा दिला नाही, हृदयानं दिला. आणि यंदा नेमकी आपली टीम जिंकत सुटली आहे. मला त्या टीमचा मनापासून संताप येतो. एक वर्ष आधी जिंकायला काय धाड भरली होती? मधल्या खुर्चीत आता फौजी बसतो. तिथून टीव्ही सरळ दिसतो, आणि चांगली जागा वाया घालवलेली पंचांनी खपवून घेतली नसती. वहिनीही येतात.

परवाच्या सोमवारी मॅच अगदी शेवटाला आली होती. नारळ घेऊन आपला गडी सुटला आणि आम्ही सगळे खुर्च्यांवरून उठून दोन्ही हात वर करून उभे राहिलो. फौजीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सलूनमध्ये चकार शब्द नव्हता. तेवढ्यात म्हसवडहून गावात आलेला कुणी पाहुणा दाढी करायची म्हणून शटरखालून वाकून आत आला, आमच्याकडे बघून जागीच थबकला. बाळूनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाहेर नेलं. बाहेरचं बोलणं आत ऐकू येत होतं.

"ह्यास्नी बोलता येत न्हाई व्हय?" पाहुण्यानं हळूच विचारलं.

"येतंय की," बाळू म्हणाला. "पन आज सोमवार हाय."