शांतवन पेंटर आणि बारा जोडी पाय

शांतवन पेंटर हट्टी आहे, हे मी आधीच सांगून टाकतो. मुदखेड स्टेशनच्या तिकीट खिडकीत मी एकतीस वर्षं बसलो, हट्टी माणसं काही कमी पाहिली नाहीत. गाडी सुटून गेल्यावर त्याच गाडीचं तिकीट मागणारी पाहिली, आणि मिळत नाही म्हटल्यावर खिडकीला लटकून राहणारीही पाहिली. पण शांतवन त्या सगळ्यांना पुरून उरेल.

तो मूळचा किनवटकडचा. वडील तिथल्या एका वसतिगृहात स्वयंपाकी होते. घरात रोज संध्याकाळी प्रार्थना व्हायची, आणि सगळ्यांनी डोळे मिटले की हा कोळशानं फरशीवर काहीतरी गिरवत बसायचा. त्यापायी मार खाल्ला, कोळसा काही सुटला नाही. पुढं मुदखेडला येऊन महेबूब उस्तादांकडे पाट्या रंगवू लागला. उस्ताद म्हणजे अक्षरांचे बादशहा, पण माणसाचं तोंड काढायचं नाही हा त्यांचा दस्तूर. त्यामुळं पाटीवरचं नाव उस्तादांचं आणि नावाखालचा बैल, पंप आणि फेटेवाला शेतकरी शांतवनचा. गणपतीचे पडदे त्यानं रंगवले, जयंतीला बाबासाहेब रंगवले, शाळांच्या भिंती रंगवल्या. स्वतःच्या प्रभूचं चित्र मात्र त्याच्याकडं कुणी मागितलं नाही. आमच्या चर्चमध्ये काचेत मढवलेली छापील तसबीर होती, निळ्या डोळ्यांची आणि सोनेरी केसांची. तशी माणसं मुदखेड जंक्शनला मी कधी उतरताना पाहिली नाहीत, पण आमचं तिच्यावाचून काही अडत नव्हतं.

मग फ्लेक्स आला आणि पाट्यांचा धंदा बसला. उस्ताद घरी बसले, शांतवन दारूला लागला. दोन-तीन वर्षं त्यानं बायकोला नकोनकोसं केलं. एके दिवशी दारू सुटली. कशी सुटली ते तो कुणाला सांगत नसे. त्यानंतर घरांना चुना-डिस्टेंपर मारायची कामं करायचा आणि रविवारी भक्तीला शेवटच्या रांगेत बसायचा.

दोन वर्षांपूर्वी चर्चची दुरुस्ती झाली. वेदीमागची भिंत नव्यानं गिलावा करून कोरी उभी राहिली. चर्चचे पाळकसाहेब तरुण आहेत, त्यांच्या मनात तिथं नांदेडहून मोठा फ्लेक्स आणायचा होता. सभेत शांतवन उठला. "भिंत मला द्या. रंग माझा, मजुरी नको." आयुष्यात पहिल्यांदा तो सभेत बोलला असेल. पाळकसाहेबांना नाही म्हणवेना. मी चर्चच्या मंडळीचा सचिव, ठराव मीच लिहिला: पवित्र गुरुवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवसाच्या, दुपारपर्यंत चित्र पूर्ण व्हावं, नाहीतर फ्लेक्स लागेल. ती मुदत माझ्या डोक्यातली, हेही कबूल करतो.

पंधरा दिवसांनी भिंतीवर कोळशाच्या रेषा दिसू लागल्या आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. क्रुसावर जाण्याआधी प्रभू शिष्यांचे पाय धुतोय ती संध्याकाळ त्यानं घेतली होती. पण प्रभूचं तोंडच नाही! आपल्याकडं पाठ करून तो वाकलेला, कमरेला पंचा, पुढ्यात परात. आणि पलीकडं ओट्यावर बसलेल्या बारा जणांचे फक्त पाय, गुडघ्यापासून खाली. आपण वडीलधाऱ्यांपुढं पाय पसरून बसत नाही. चुकून कुणाला पाय लागला तर हात लावून तो कपाळाशी नेतो. आणि इथं देवाच्या भिंतीवर, भक्तीला आलेल्या माणसाच्या तोंडासमोर, चोवीस पाय.

मी भर सभेत विचारलं, "शांतवन, हे पाय कशाला?"

"मंग त्यानं काय टोप्या धुतल्या व्हत्या का, मामा?"

लोक हसले. मी आणखी तापलो. "आणि प्रभूचं तोंड?"

आता तो हसत नव्हता. "ते म्या पाह्यलं न्हाई. दारू पिऊन रेल्वेच्या पुलाखाली पडलो व्हतो, तवा त्यानं मला उचललं. म्या हातच वळखतो त्याचे. जे पाह्यलं न्हाई ते कसं काढू?"

पुलाखाली पडलेला शांतवन आमच्यातल्या निम्म्यांनी पाहिला होता आणि सायकल पुढं दामटली होती. त्यात मीही होतो.

आता पायांचा कारभार ऐका. मनातून पाय काढणार नाही, म्हणाला. खरे पाय पाहिजेत. एकेकाला दुपारी चर्चमध्ये बोलवायचा आणि दार लोटून घ्यायचा. पाळकसाहेब जाऊन आले. महेबूब उस्तादांनी सांगितलं, तोंड काढणार नसशील तर बसतो, आणि बसले. भाजी विकणाऱ्या पार्वतीबाई माझ्या बाजूच्या होत्या. शिष्यांत जोडवी घातलेले पाय कसे चालतील, म्हणून त्या भांडायला गेल्या. तासाभरानं बाहेर आल्या त्या पदरानं डोळे पुसत. पुढच्या सभेत म्हणाल्या, "चित्र ऱ्हाऊ द्या." मी कारण विचारलं, तर माझ्यावरच उखडल्या. "तुमी जाऊन बसा, मंग बोला!"

अकरा जोड्या झाल्या. पवित्र आठवड्याच्या सोमवारी शांतवन माझ्या दारात उभा. "मामा, बारावे तुमचे."

मी नाही म्हणालो. सगळ्यांपुढं चित्राची नालस्ती केलेली, आता कुठल्या तोंडानं बसायचं? पण ते वरवरचं कारण. शुगरनं माझ्या डाव्या पायाची दोन बोटं नेली आहेत. तेव्हापासून मे महिन्यातही माझे मोजे उतरत नाहीत; बायकोसमोरही मी तो पाय उघडा करत नाही. तो भिंतीवर? मला कल्पनाच सोसवेना.

"दुसऱ्या कुणाचे काढ," मी म्हणालो.

"ज्यांनी हाव म्हटलं त्यांचे सोपे हायेत. मला न्हाई म्हणणाराचे पाह्यजेत."

"म्हणजे प्रभूला दगा देणारा यहूदा मी का रे?"

"ते मला काय ठाव? यहूदाचेबी धुतलेच व्हते." तो पायरी उतरला, पुन्हा वळला. "मी आता रोज दुपारी वाट बघीन, मामा. तुमी न्हाई आले तर जागा कोरी ठेवीन. मंग खुशाल फ्लेक्स ठोका."

मंगळवारी नांदेडहून फ्लेक्स आला. मागवणारा मीच. निळ्या डोळ्यांचा प्रभू गुंडाळी होऊन वेदीशेजारी आडवा पडला होता. बुधवारी दुपारी तीनच्या सुमारास मी टेप घेऊन मोजमापाला गेलो. निदान निघताना स्वतःला तसं सांगितलं.

शांतवन भिंतीपुढं स्टुलावर बसला होता. काम नाही, ब्रश नाही, नुसता बसलेला. डाव्या टोकाला हातभर गिलावा कोरा होता. मी पहिल्यांदाच चित्र जवळून पाहिलं. चित्रातल्या ओट्यावर पार्वतीबाई बसल्या होत्या. कुणी नाव सांगायची गरज नव्हती. टाचांच्या भेगांत बसलेली माती, सैल झालेली जोडवी. त्यांच्या शेजारी उस्तादांचे लांब, हाडकुळे पाय. चपलेच्या पट्ट्याचा पांढरा डाग असलेले पाळकसाहेबांचे. एकतीस वर्षं मी या माणसांना तिकिटं दिली, पण खिडकीतून हात तेवढे दिसतात. ही माणसं काय काय तुडवत माझ्यापर्यंत येत होती, ते मी पाहिलंच नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली. खोटं कशाला सांगू, रडू आलं.

मी बाकावर बसलो आणि मोजे काढले.

शांतवननं माझ्या पायाकडं पाहिलं आणि तो उठून आतल्या खोलीत गेला. येताना परात आणि तांब्या घेऊन आला. माझ्यासमोर खाली बसून त्यानं डावा पाय हातात घेतला.

मी पाय ओढून घेतला. "अरे, हे काय करतोस? काढ की असाच!"

"धुतल्याबिगर मी काढत न्हाई. सगळ्यांचे धुतले, मामा. धुताना हाताला जो पाय कळतो तोच भिंतीवर उतरतो. नुसता बघून काढला की पाटीवरचा होतो."

"पण हा पाय..."

"ह्योच पाह्यजे. आना हिकडं."

प्रभूच्या शिष्यानं, पेत्रानंही, आधी पाय मागं घेतला होता, हे मी जन्मभर दर पवित्र गुरुवारी ऐकत आलोय. ऐकणं निराळं. बोटांच्या जागी जिथं नुसती कातडी उरली आहे तिथून त्याचा अंगठा सावकाश फिरला. पाणी कोमट होतं. म्हणजे आत चुलीवर ठेवलेलं होतं. मी येईन असं धरून रोज ठेवत असणार हा माणूस.

मग तो भिंतीकडं वळला तो सहा वाजेपर्यंत रंगवत राहिला. मी हललो की तेवढा खेकसायचा. माझा पाय आहे तसा भिंतीवर आला, तीन बोटांचा, आणि प्रभूचे दोन्ही हात नेमके त्याच पायाखाली. इतके दिवस ते हात धूसर होते, ते त्यानं आज पुरे केले.

"झालं?" मी विचारलं.

"झालं, मामा. बारा भरले."

मी उठलो, परातीतलं पाणी बाहेर ओतलं आणि तांब्या भरून आणला. "आता तू बस."

तो गोंधळला. "मी कामून? चित्रात जागा न्हाई आता."

"चित्रासाठी नाही. बस म्हणतो ना!"

इतका हट्टी माणूस, पण मुकाट्यानं बाकावर बसला. माझे गुडघे धड वाकत नाहीत, तरी मी फरशीवर टेकलो. त्याच्या पायांवर रंगाचे थरच्या थर होते, जुन्या पाट्यांचा निळा, लाल, पिवळा. मी घासत राहिलो, रंग काही निघेना.

"ते पाण्यानं निघत न्हाई, मामा. टर्पेंटाइन लागतंय."

"मग दे बाटली इकडं," मी म्हणालो.