दारावर बसवलेला डोळा

एसीचं काम करायला बाई येणार आहे, असं माझ्या बायकोने, गिरजाने सांगितलं तेव्हा मी रागाने भिंतीकडे तोंड फिरवलं. म्हणजे फिरवायला लागलो. उजवी बाजू लकव्याने गेल्यापासून रागावून तोंड फिरवायलाही मला अर्धं मिनिट लागतं, आणि तोवर समोरचा माणूस खोलीतून निघून गेलेला असतो.

मी गुणवंत, राहणार सावली, जिल्हा चंद्रपूर. अठ्ठावीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. एक घंटी दिली की गाडी थांबायची, दोन दिल्या की निघायची. ड्रायव्हर कितीही तालेवार असो, माझ्या दोरीशिवाय त्याचं चाक हलत नसे. अशा माणसाला साधा एसी चालू करायलाही बायकोला हाक मारावी लागते, हे पचायला जड जातं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते माझ्याकडे पाहूनच म्हणत असावेत.

एसी खिडकीत बसणारा, जुना, खटक्याचा कान पिळून चालू करायचा. आमच्या मुलाने, प्रफुलने नागपुरातून कुठूनसा आणला, माझ्या उशामागच्या खिडकीत उंच बसवला आणि तो पुण्याला आपल्या नोकरीवर गेला. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी कावळासुद्धा झाड सोडत नाही. उकडलं की गिरजाला हाक, अंग गारठलं की गिरजाला हाक. लाइट जाऊन लगेच आली की मशीन घुर्र करून अडकतं, ते बंद करून थोड्या वेळाने पुन्हा चालू करायलाही हाक. काठी टेकत मी मोरीपर्यंत जातो, पण त्या खटक्यापर्यंत हात जात नाही. त्यामुळे दोन वर्षं ती बाजारापलीकडे गेली नव्हती.

आणि त्या मे महिन्यात चिमूरला तिच्या बहिणीच्या, आशाबाईच्या मुलीचं, हर्षाचं लग्न होतं. "मले जायचं हाये," असं गिरजा एकदाही म्हणाली नाही. फक्त एक हिरवी साडी कपाटातून काढायची, घडी मोडायची, पुन्हा तीच घडी घालायची. एके दिवशी तिने सांगितलं, जुन्या एसीलाही रिमोट बसवून मिळतो. तो बसला तर ती एक दिवस जाऊन येणार होती. जेवणाचा डबा शेजारची दिव्यानी देणार होती. सगळं तिने आधीच ठरवून टाकलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिने जाऊ नये असंच मला वाटत होतं. मला भीती वाटत होती. पण भीती वाटते असं सांगण्यापेक्षा चिडणं सोपं असतं.

तर ती बाई आली. सरिता. पस्तिशीची असेल. तोंडाला दुपट्टा बांधलेला, पंजाबी ड्रेसवर पुरुषाचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, स्कुटीवर अवजारांची पिशवी.

"कोणाची पोरगी तू?" मी विचारलं. आमच्याकडे कामाआधी हे विचारावंच लागतं.

"भैयाजी लाइटवाल्याची."

भैयाजीला कोण ओळखत नाही? झाडीपट्टीच्या, आमच्या या भागातल्या, नाटकांना लाइट लावणारा माणूस. दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगावच्या मंडपांत त्याचे दिवे. मी तिकडच्या शेवटच्या गाड्यांवर होतो तेव्हा कितीदा तरी तो आपल्या पेट्या टपावर चढवायचा आणि मी त्याच्यावर ओरडायचो. पोरगी बापाच्या हाताखाली तारा जोडायला शिकली, गडचिरोलीच्या आयटीआयमधून वायरमन झाली, चंद्रपुरात एका दुकानात चार उन्हाळे राबली आणि आता स्वतःचं काम करते. हे तिने नाही सांगितलं, गिरजाने आधीच सगळी माहिती काढून ठेवली होती. अंगावरचा शर्टही बापाचाच.

तिने मेन स्विच बंद केला, टेस्टर लावून पाहिला, पुन्हा एकदा पाहिला, आणि मगच एसीचं तोंड उघडलं. आतल्या तारा सोडवण्याआधी मोबाइलमध्ये त्यांचा फोटो घेतला. मग जखमेला लावायची चिकटपट्टी काढून तिचे तुकडे एकेका तारेला गुंडाळले आणि त्यावर पेनाने लिहिलं: पंखा हळू, पंखा जोरात, कॉम्प्रेसर. अक्षर चांगलं होतं. पिळायचा खटका निघाला, त्याच्या जागी एक बोर्ड बसला. त्या बोर्डाला एक लांब बारीक तार, आणि तारेच्या टोकाला काडेपेटीहून लहान डबी. डबीवर काळी काच.

"हा डोळा," ती म्हणाली. "रिमोटचं हाच पाह्यते आन् बोर्डाले सांगते."

"बिनतारी रिमोट म्हणतेस आन् घरभर तारा पसरून ठेवल्या," मी टोमणा मारला.

"बिनतारी फक्त तुमच्या हातापासून डोळ्यापर्यंत, भाऊ. तेथून पुढं तारच लागते." तिने मान वर न करताच सांगितलं. बोलणं बरोबर होतं.

मला वाटलं आता डबी एसीच्या शेजारी ठोकेल आणि जाईल. पण ती मला म्हणाली, "भाऊ, जरा खुर्चीवर बसता का? मले तुमच्या खाटेवर झोपून पाहा लागते."

मी गिरजाकडे पाहिलं. गिरजाने माझ्याकडे. परक्या घरात परक्या माणसाच्या खाटेवर बाई झोपणार! पण तिने चपला दाराशी काढल्या, दुपट्टा नीट केला आणि माझ्या उशीवर डोकं ठेवून सरळ आडवी झाली. डाव्या हातात रिमोट धरला. डाव्या कुशीवर वळली. मग उजवा हात पोटावर माझ्यासारखा पाडून ठेवला आणि तसंच पुन्हा वळून पाहिलं.

"बाबा असंच करे," ती पडल्या पडल्या म्हणाली. "नाटकाआधी सारे लाइट लावून झाले का मंडपात सगळ्यात मागं जाऊन खाली बसे, जिथी बाया पोरायले घेऊन बसतेत. तिथून नटाचं तोंड दिसलं तरच लाइट पक्का करे. म्हणे, पुढच्या खुर्चीवाल्याले तं कंदीलातई दिसते."

मग ती तशीच पडून वर पाहत होती.

"बाई," ती गिरजाला म्हणाली, "इथून भाऊले दरवाजा दिसत नाई. कोण आलं, कोण गेलं, काईच दिसत नाई. नुसतं छत आन् कॅलेंडर."

दोन वर्षांत हे कोणी पाहिलं नव्हतं. गिरजाने नाही, प्रफुलने नाही, डॉक्टरने नाही. मी सांगितलंही नव्हतं, कारण सांगण्यासारखं काही आहे हे माझ्याच ध्यानात आलं नव्हतं. मी उगाच खोकलो.

दोघींनी मिळून खाट फिरवली. आता दार समोर आलं. डोळा तिने दाराच्या चौकटीवर लावला आणि तार भिंतीच्या कडेने चापे मारत बोर्डापर्यंत नेली. पण डबी स्क्रूने बसवली नाही, नुसती पट्टीने चिकटवली.

"दोन दिवस वापरा. जमलं तं स्क्रू मारून पक्कं करीन. आन् भाऊ, लाइट जाऊन आली का हे आपोआप चालू होत नाई. बटण दाबजा. टीं वाजते, पंखा सुरू होते. थंड हवा तीन मिनिटानं येते, घाबरजा नका. मशीनले तेवढा दम घ्या लागते."

बटण दाबलं. टीं वाजलं. सगळं चाललं. आणि ती गेल्यावर मी जे केलं ते लिहायला लाज वाटते, पण ते गाळलं तर बाकीच्या लिहिण्याला अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिरजा म्हणाली, "दाबून पाहा बरं." मी रिमोट धरला, अंगठ्याने बटण दाबलं आणि पहिलं बोट रिमोटच्या पुढच्या टोकावर घट्ट ठेवलं, जिथून त्याचा न दिसणारा उजेड निघतो. टीं वाजलं नाही. पुन्हा दाबलं. नाही वाजलं.

"चालत नाई," मी म्हणालो. "सांगतच होतो."

गिरजाने रिमोट हातात घेऊन पाहिलासुद्धा नाही. माझ्यावर तिचा एवढा विश्वास! ती उठली, कपाटाच्या बाहेर ठेवलेली हिरवी साडी आत ठेवली आणि कपाट बंद केलं. बंद करताना आवाजही केला नाही. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्या दिवशी मी जेवलो नाही, आणि पोटाचं कारण सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सरिता आली. गिरजाने सांगितलं, चालत नाही. सरिताने रिमोट घेतला, मोबाइलचा कॅमेरा चालू केला आणि त्याच्यासमोर बटण दाबलं. "उघड्या डोळ्याले नाई दिसत, पण कॅमेऱ्यात याचा उजेड दिसते," तिने गिरजाला दाखवलं. पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकला. दारावर टीं वाजलं.

"रिमोट बराबर हाये. भाऊ, तुमी दाबा बरं."

चोराच्या मनात चांदणं. मी तेव्हाच सरळ दाबायला हवं होतं. पण एकदा खोटं बोललेल्या माणसाला वाटतं की आता तेच निभावून न्यावं. मी बोट टोकावर ठेवलं आणि दाबलं. सरिता मोबाइलमधून माझ्या हाताकडे पाहत होती. ठिपका नव्हता. बोट होतं.

तिने मोबाइल खिशात टाकला. मग म्हणाली, "बाई, थोडं ताक भेटन का? लगित तपून राह्यलं बाप्पा."

गिरजा आत गेली. सरिता खाटेजवळच्या स्टुलावर बसली. मला वाटलं आता ही मला फटकारणार, आणि मी त्याची तयारीही केली. मी वयाचा मोठा, तू कालची पोरगी, वगैरे.

"भाऊ," ती हळू म्हणाली, "बाबा मागं बसून साऱ्या झाडीच्या बायायले नाटक दिसते का नाई हे पाहे. माह्या मायनं त्याचं एकई नाटक पाह्यलं नाई. घर कोण पाहीन, बुढ्याबुढीले कोण पाहीन. ते कधी बोलली नाई, आन् बाबानं कधी इचारलं नाई. माय गेली तवा बाबा तिच्या फोटोसमोर बसून सांगे मले, लाइट कसा पडे ते तिनं पाहाले पाह्यजे होतं. आता तिले कुठून दाखवू?"

आतून गिरजाच्या भांड्यांचा आवाज येत होता.

"मले भेव लागते," मी म्हणालो. दोन वर्षांत पहिल्यांदा. तेही बायकोला नाही, एसीवालीला. "लाइट गेली, आन् हे बंद पडलं, आन् मी एकटा."

"लागनच," ती म्हणाली. "मलेई लागलं असतं. माहा नंबर वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवतो. त्या दिवशी मी गावातच हावो. फोन करा, पाच मिनिटात येतो."

गिरजा ताक घेऊन आली. सरिताने ग्लास रिकामा केला आणि तिला सांगितलं, "भाऊचा हात थोडा चुकून राह्यला होता. आता जमते." यात खोटं काहीच नव्हतं. मी बोट काढलं, बटण दाबलं. टीं.

"स्क्रू मार," मी म्हणालो. "पक्कं कर."

लग्नाच्या दिवशी गिरजा सकाळच्या गाडीने निघाली. हिरव्या साडीत ती दारातून बाहेर पडताना मला पूर्ण दिसली, पायांपासून अंबाड्यापर्यंत. तिने दोनदा मागे वळून पाहिलं. मला काहीतरी बोलायचं होतं, पण नेमक्या वेळी शब्द येत नाहीत, आणि लकव्यावर ढकललं तरी हा दोष माझा जुनाच.

दुपारी एकच्या सुमारास लाइट गेली. छताचा पंखा थांबला, एसी थांबला. खोली तापायला लागली. पाठीखालची चादर ओली झाली. वहीतला सरिताचा नंबर मी दोनदा वाचला, पण लावला नाही. वीसेक मिनिटांनी पंखा फिरला. मी रिमोट उचलला. दारावरच्या डोळ्याकडे धरून दाबलं. टीं. गरम हवा आली. मी मोजत पडलो. एकशे ऐंशीपर्यंत मोजायच्या आत खिडकीत घुर्र झालं आणि मानेवर थंड झुळूक आली. मी एकटाच हसलो. घाम आणि डोळ्यांतलं पाणी एकाच हाताने पुसलं, तेवढाच तर चालतो.

तेवढ्यात फोन वाजला. गिरजा. मागे बँड, बायकांचा कल्ला.

"इथी लाइट गेली होती. तिकडं गेली होती का? चालू झाला का?"

"झाला."

"खरं सांगता का?"

"खरं."

"मंग मी चारची गाडी पकडीन."

ती गाडी मला पाठ होती. जेवणाची पंगत अर्धी सोडून, वरात न पाहता, सिंदेवाहीला गाडी बदलताना स्टँडवर ताटकळत यावं लागतं.

"चारची नको," मी म्हणालो. "रात्री राह्य बहिणीजवळ. सकाळी सातची सुटते चिमूरहून, ते पकड. खिडकीजवळ बस."

तिच्यामागे बँड वाजत राहिला. मग म्हणाली, "मी जाऊ ना मंग वरातीत? खरंच?"

मी फोन स्पीकरवर टाकून छातीवर ठेवला, रिमोट दाराकडे धरला आणि बटण दोनदा दाबलं. टीं. टीं.

कंडक्टरची बायको ती. दोन घंट्यांचा अर्थ तिला सांगावा लागला नाही. पलीकडून तिचं हसू ऐकू आलं आणि फोन बंद झाला.

दोनदा दाबल्यामुळे मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं होतं, आणि थंड हवेची तीन मिनिटं आता पहिल्यापासून मोजावी लागणार होती. मी मोजली.