आत्याच्या पट्टीवरची उद्गारचिन्हं

तुमची आत्या वाळवंटातल्या मोटारसायकल शर्यतीला जाते, हे तुमच्या शाळेत कुणाला खरं वाटलं नाही, असं तुमचे बाबा फोनवर म्हणाले. म्हणून मी, तुमची आजी, तिची तयारी कशी चालली आहे ते क्रमानं लिहून ठेवते. त्यात माझी एक चूक आहे, तीही लिहिते.

आत्या आठवडाभर बिडकीनच्या कारखान्यात नोकरी करते आणि रविवारी गाडी घेऊन बाहेर पडते. गेल्या वर्षी राजस्थानात ती दुसऱ्याच दिवशी वाट चुकली आणि वेळ संपल्यामुळे बाद झाली. गाडी धड होती, तीही धड होती, फक्त कागद नीट वाचता आला नाही. या शर्यतीत मोबाईलचा नकाशा चालत नाही. हँडलवरच्या डबीत कागदाची लांब पट्टी गुंडाळलेली असते, बटण दाबलं की ती सरकते. पट्टीवरच्या प्रत्येक चौकटीत किती किलोमीटरवर कुठं वळायचं ते असतं आणि पुढे धोक्याची खूण. एक उद्गारचिन्ह म्हणजे जपून, दोन म्हणजे वेग कमी, तीन म्हणजे जवळजवळ थांबा.

"यंदा जमलं नाही तर गाडी विकून टाकीन," आत्या जेवताना म्हणाली. आवाज न चढवता, भाकरी मोडता मोडता म्हणाली, म्हणून मला ते खरं वाटलं.

सरावाची पट्टी दुसऱ्या कुणीतरी बनवावी लागते. स्वतः बनवली तर वाट आधीच पाठ होते. ते काम मी मागून घेतलं. आजोबा कार चालवणार आणि मी शेजारी वही घेऊन बसणार. लासूर स्टेशनच्या पुढच्या कच्च्या वाटांवर आम्ही दोन दिवस सकाळी फिरलो. दर वळणावर थांबून मी आकडा लिहायची. एका बांधावरून शेतकरी उतरून आला.

"इथून रस्ता जाणार व्हय?" त्यानं विचारलं. "किती जमीन जाईल?"

"रस्ता नाही हो," मी म्हणाले. "माझी मुलगी इथं मोटारसायकलचा सराव करणार आहे."

"अन् मोजणी तुम्ही करताय?" तो हसला. "खरं सांगा बाई. मी कुणाला सांगत नाय."

त्याची समजूत पटेना. शेवटी आजोबांनी त्याला चहा पाजला.

आता माझी चूक. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं आणि मुलींच्या निबंधातली उद्गारचिन्हं लाल शाईनं खोडत आले. पण त्या वाटांवर जिथं जिथं कार थांबली, तिथं तिथं मला तुमची आत्या पडलेली दिसायची. मी तीन चिन्हं काढायची.

"अगं, हा काय खड्डा आहे?" आजोबा म्हणाले. "इथून मी स्कूटरवर भाजी घेऊन आलो असतो."

"तुम्ही पुढे बघा."

रविवारी आम्ही वाटेच्या शेवटी बाभळीखाली थांबलो. आत्या तासभर उशिरा आली. एक आरसा गेला होता, कोपर सोललं होतं. वाहून गेलेल्या मोरीत ती वेगानं शिरली होती. त्या मोरीवर मी तीन चिन्हं काढली होती.

तिनं हेल्मेट काढून बॉनेटवर ठेवलं. "आई, पट्टीवर तीन-तीन चिन्हं किती ठिकाणी आहेत?"

"सव्वीस."

"त्यातली खरी दोन. पहिल्या पाच ठिकाणी मी जवळजवळ उतरून चालत गेले. म्हैससुद्धा अडखळली नसती तिथं. मग मी तुझी चिन्हं बघायचंच सोडलं."

मी कापसावर औषध घेतलं. तिनं कोपर पुढे केलं.

"तिकडे शर्यतीची पट्टी लिहिणारा माणूस मला ओळखत नाही," ती म्हणाली. "म्हणून त्याच्यावर विसंबता येतं."

त्या आठवड्यात आम्ही पुन्हा गेलो, नव्या वाटेनं. या वेळी मी प्रत्येक ठिकाणी खाली उतरले आणि चालून पाहिलं. खूण काढण्याआधी स्वतःला विचारलं, इथं आत्याऐवजी कुणी अनोळखी माणूस येणार असता तर काय लिहिलं असतं? बहुतेक चौकटी कोऱ्या राहिल्या. नदीच्या कोरड्या पात्राशी उतार बघून तीन चिन्हं काढावीशी वाटली. तिथं मी एकच चिन्ह काढलं आणि वही मिटली.

पुढच्या रविवारी त्याच बाभळीखाली मी घड्याळ हातात धरून बसले. ती आली तेव्हा ठरवलेल्या वेळेला अकरा मिनिटं बाकी होती.

आधी पाणी प्यायली. मग म्हणाली, "नदीच्या उताराला एकच दिलंस?"

"कमी झालं का?"

"दोन हवी होती. वाळू खोल आहे." तिनं बाटलीचं झाकण लावलं. "पुढच्या रविवारची पट्टी कधी लिहायला घेतेस?"

मी वही उघडली आणि नदीच्या चौकटीत आणखी एक चिन्ह काढलं.