संथ लाटेचा माणूस

उसाच्या हंगामात सर्जेराव एसटीत ड्रायव्हरच्या मागची पहिली जागा धरायचा. पाटसजवळ दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पुढे आला की बाकीचे प्रवासी वैतागत. हा खिशातून वही काढून समोरचं टिपत बसे. जड ट्रॉल्या, त्यांच्या कडेने सुटणाऱ्या मोटारसायकली, आणि एकाने ब्रेक दाबला की रांगेतून मागे सरकत जाणारी थांबण्याची लाट. ट्रॉलीकडे बोट करून तो म्हणे, "जड हाय, मेलेलं न्हाई. उशिरा हलंल, पन हलंल." शिरूरच्या कॉलेजात तो शिकवायचा. मागे पडलेल्या पोरांबद्दलही त्याचं मत हेच होतं.

त्याचा विषय प्लाझ्मा. वायू फार तापला की अणूंतून इलेक्ट्रॉन सुटतात. उरतात ते आयन, काही हलके, काही जड. अशा मिश्रणात एक लाट वेगवान असते, एक संथ; आणि लाट मोठी असली की साधे नियम पुरत नाहीत. अशी मोठी लाट आकार न मोडता कशी टिकते, हे तो कागदावर शोधत होता.

एमएस्सीनंतर सर्जेराव आणि मी, दोघांनी एकाच सरांकडे संशोधन सुरू केलं. दुसऱ्या वर्षी मी ते सोडून वर्तमानपत्रात गेलो. घरच्या अडचणीमुळे, असं मी सांगत आलो. प्रत्यक्षात मला तीन महिने न सुटलेलं समीकरण कवठे येमाईसारख्या खेड्यातून आलेल्या सर्जेरावाने आठवड्यात सोडवलं आणि मला समजावूनही दिलं. चांगलं समजावलं. तेव्हापासून मला त्याचा हेवा वाटतो.

तरी प्रत्येक लेख पाठवण्याआधी तो मला दाखवायचा. मी दर वेळी काहीतरी चूक काढायचोच, निदान एखादा स्वल्पविराम.

संथ लाटेवरचा लेख त्याने शिरूरच्या स्टँडवर चहा पिताना पुढे केला. नवव्या पानावरची एक ओळ त्याने वेगवान लाटेच्या जुन्या कामातून उचलली होती. तिच्यात जड आयन स्थिर धरले होते. संथ लाट तर त्यांच्या हलण्यावरच उभी असते. मला चूक दिसली. मी पानं नीट लावून परत दिली आणि उत्तम झालंय म्हणालो.

चार दिवसांनी त्याचा फोन आला. लेख अजून पाठवलेला नव्हता.

"तू एक बी चूक काढली न्हाईस, तवाच म्हटलं कुठंतरी घोळ हाय. नववं पान. तुला दिसलं व्हतं ना?"

मी हो म्हणालो. त्याने फोन ठेवला.

पुढे त्याला बाहेरच्या एका संशोधन संस्थेत जागा मिळाली. निघताना त्याने मला दौंड स्टेशनवर बोलावलं आणि छापलेला लेख हातात दिला. शेवटच्या पानावर काळजीपूर्वक वाचनाबद्दल माझे आभार होते. हा पुन्हा कुठे छापशील तर आभारातलं माझं नाव गाळ, असं मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे ट्रॉलीकडे पाहावं तसं पाहिलं. "ऱ्हाऊ दे. जड हाय, मेलेलं न्हाई."

गाडी सुटली. माझ्याबद्दल तो असं म्हणू शकला, याचाही मला हेवा वाटला.